दाब उतरला, पण नजर परत आली का? कुत्र्याच्या काचबिंदूनंतर काय, कधी आणि कसं तपासायचं

इंदूरमध्ये कुत्र्यांचे डोळे तपासताना दोन वाक्यं मला सारखी ऐकू येतात. "लाली गेली, म्हणून थेंब बंद केले," हे एक. "दिसत तर नाहीच, मग आता खर्च कशाला?" हे दुसरं. पहिल्या घरात दाब पुन्हा चढतो. दुसऱ्या घरात कदाचित परत येऊ शकणारी नजर हकनाक जाते. गोंधळ दोन्हीकडे एकच आहे. डोळ्यातला दाब ही एक गोष्ट आणि दृष्टिपटलाचं, म्हणजे डोळ्याच्या आत मागे असलेल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याचं काम ही दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या मोजायच्या असतात, तेही ठरलेल्या क्रमाने.

लेख फक्त कुत्र्यांसाठी आहे. मांजराला यातलं काहीही परस्पर लावू नका. लॅटानोप्रोस्टचे थेंब कुत्र्यात झटकन दाब उतरवतात, मांजरात त्यांचा जवळपास उपयोग होत नाही.

आधी एवढं समजून घ्या

कुत्र्याच्या डोळ्यातला दाब साधारण १० ते २५ मिमी पारा असतो. काचबिंदूचा तीव्र झटका आला की तो ४०-५०च्या पुढे जातो. त्या दाबाखाली दृष्टिपटलाला रक्त कमी पोचतं. शिवाय दृष्टिचेता डोळ्यातून जिथून बाहेर पडते, तिथे तंतूंमधली ने-आण अडते. सगळ्यात आधी गँग्लिअन पेशी बंद पडतात. डोळ्याने टिपलेलं मेंदूपर्यंत पोचवण्याचं काम याच पेशींचं. दाब आणखी वाढला किंवा फार वेळ टिकला, की आतल्या बाकीच्या थरांचंही काम थांबतं.

पेशी गप्प झाली म्हणजे लगेच मेली असं नसतं, आणि सगळी आशा या फरकावरच आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत दाब थोडा वेळ चढवून उतरवला, तर दृष्टिपटलाचे मंदावलेले विद्युत-प्रतिसाद पुढच्या काही दिवसांत बऱ्याच अंशी परत येतात. म्हाताऱ्या उंदरांत त्याला जास्त वेळ लागतो. डीबीए/२जे जातीच्या उंदरांना वयानुसार आपोआप काचबिंदू होतो. त्यांना मॅनिटॉल हे डोळ्यातलं पाणी ओढून काढणारं औषध देऊन दाब उतरवला, तेव्हा गँग्लिअन पेशींचा प्रतिसादही सुधारला. प्रयोगशाळेतला मोजूनमापून दिलेला दाब आणि घरच्या कुत्र्याला आलेला झटका यांत फरक असतो, तेव्हा उंदरांच्या दिवसांचा हिशेब आपल्या कुत्र्याला लावू नका. तत्त्व मात्र तेच: दाब लवकर उतरला तर परत येण्याजोगं काहीतरी शिल्लक असतं. तीव्र झटक्यात कायमचं नुकसान व्हायला एक ते तीन दिवस पुरतात, कधी त्याहून कमी.

टप्पा १ : घरातून निघण्यापूर्वी

डोळा लाल, काळ्या भागावर निळसर धुकं, बाहुली मोठी आणि उजेडातही न आकसणारी, कुत्रा डोळा मिटून कोपऱ्यात बसलेला, डोक्याला हात लावू न देणारा. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कॉकर स्पॅनिअल, बीगल, बॅसेट हाउंड, हस्की यांच्यात काचबिंदू जातीतूनच येतो. रस्त्यावरून आणलेल्या देशी कुत्र्याला बहुधा दुसऱ्या कशामुळे तरी होतो. गोचिडांच्या तापानंतर डोळ्याला आतून आलेली सूज हे त्यातलं नेहमीचं कारण.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, डोळा लाल दिसला की "रंग गेला असेल" म्हणून घरोघरी गुलाबपाणी सुरू होतं. रंगाने डोळा चुरचुरतो, पाणी येतं, पण बाहुली मोठी होऊन अडकून राहत नाही. तेवढं एक पाहिलं तरी पुष्कळ.

निघताना कुत्र्याला पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस घाला. गळपट्टा ओढला गेला की डोळ्यातला दाब वाढतो, आणि आकडाही चुकीचा येतो. एका कागदावर एवढं लिहून घ्या: लाली पहिल्यांदा कधी दिसली, आधीचे कुठले थेंब घातले, हृदयाचा, मूत्रपिंडाचा, दम्याचा किंवा मधुमेहाचा त्रास आहे का, आणि सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. मोबाइलवर दोन्ही डोळ्यांचा एकेक फोटो काढा.

सावधान : घरात उरलेले थेंब घालू नका. ॲट्रोपिनने बाहुली आणखी मोठी होते आणि काचबिंदूत दाब चढतो. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, जखम असेल तर स्टेरॉइडचे थेंब ती चिघळवतात. दुखतंय म्हणून माणसाची आयबुप्रोफेनची गोळी देऊ नका, कुत्र्याला ती विषारी आहे.

टप्पा २ : आकडा मिळवणं

दाब बोटाने चाचपून कळत नाही, तो टोनोमीटरनेच मोजावा लागतो. दवाखान्यात दोन प्रकारची यंत्रं दिसतील. एक रिबाउंड प्रकारचं, त्यात बारीक सुई कॉर्नियाला स्पर्श करून मागे येते. त्याला भूल देणारा थेंब लागत नाही, पण यंत्र आडवं आणि सरळ धरावं लागतं. दुसरं टोकदार पेनासारखं, त्याआधी भुलीचा थेंब घालतात. दोन यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून पहिला आकडा ज्या यंत्राने घेतला, पुढचेही शक्यतो त्यानेच घ्या.

मोजताना तुमचंही काम आहे. कुत्र्याचं डोकं धरताना गळा आवळू नका. पापण्या उघडताना बोटं हाडावर टेकवा, बुबुळावर नको. घाबरून डोळे घट्ट मिटणाऱ्या कुत्र्याला पाच मिनिटं शांत बसू द्या. घाईत घेतलेला ३२ हा आकडा नंतर सहज २२ निघतो.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: दोन्ही डोळ्यांचे आकडे किती, कॉर्नियावर जखम आहे का, आणि भिंग जागेवर आहे का. तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही, आणि औषध कुठलं हे बऱ्याचदा त्याच्यावरच ठरतं. भिंग सुटून पुढे आलेलं असेल तर लॅटानोप्रोस्टने बाहुली आवळते, भिंग तिथेच अडकतं आणि दाब आणखी भडकतो. आतून सूज असेल तरी हे औषध सहसा टाळतात.

तपासा : उपचाराआधीचा आकडा, वेळ आणि यंत्राचा प्रकार तुमच्या कागदावर आला का? नसेल तर पुढे तुलना करायला काहीच उरणार नाही.

टप्पा ३ : दाब उतरवणं

हा टप्पा दवाखान्यात व्हायचा, घरी करायचा नाही. काय चाललंय ते कळावं एवढ्यापुरतं सांगतो.

प्राथमिक, म्हणजे जातीतून आलेल्या, काचबिंदूत बहुतेकदा आधी लॅटानोप्रोस्टचा थेंब घालतात. साधारण अर्ध्या-एक तासात फरक दिसायला हवा. जोडीला डोर्झोलामाइड किंवा ब्रिन्झोलामाइड, कधी टिमोलॉलही. तेवढ्याने भागलं नाही तर शिरेतून मॅनिटॉल, वजनाच्या दर किलोला १ ते २ ग्रॅम, २०-३० मिनिटांत हळूहळू. १० किलोच्या कुत्र्याला २० टक्के मॅनिटॉल द्यायचं, तर १ ग्रॅमच्या हिशेबाने ५० मिली. थंडीत मॅनिटॉलच्या बाटलीत खडे धरतात. बाटली गरम करून, गाळणी लावलेल्या नळीतूनच ते द्यायचं असतं. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर आधी सांगा. मॅनिटॉलनंतर काही तास पाणी देऊ नका म्हणतील तेव्हा ते पाळा. कुत्रा कासावीस होऊन वाडग्याकडे धावतो आणि घरचे विरघळतात. पण पाणी पोटात गेलं की औषधाने ओढून काढलेलं पाणी भरून निघतं आणि दाब परत वर जातो.

तासा-दोन तासांनी दुसरा आकडा घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा. सकाळचा आकडा महत्त्वाचा, कारण कुत्र्यांत दाब सकाळी जास्त असतो आणि मॅनिटॉलचा असर तोवर ओसरलेला असतो. संध्याकाळी १८ पाहून सुटकेचा निःश्वास टाकलेल्यांना सकाळी ४५ दिसलेला मी पाहिला आहे.

टप्पा ४ : घरचे थेंब

नजर परत येण्याची शक्यता इथे सगळ्यात जास्त वाया जाते.

औषध आणताना चिठ्ठीवरचं नाव दुकानदाराकडून वाचून घ्या. ही सगळी माणसांच्या काचबिंदूची औषधं आहेत. दवा बाजारात "यातच दोन औषधं आहेत, एकच बाटली घ्या" असं म्हणून जोडऔषध हातात पडतं. ब्रिमोनिडिन असलेल्या बाटलीने छोट्या कुत्र्याचे ठोके मंदावतात, तो ग्लानीत जातो. टिमोलॉलही लहान चणीच्या, दमेकरी किंवा हृदयरोगी कुत्र्याला जपूनच द्यायचं असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल घेऊ नका.

माणसांना लॅटानोप्रोस्ट दिवसातून एकदाच, रात्री घालतात, आणि दुकानदारही तेच सांगतो. कुत्र्यांना सहसा बारा तासांनी दोनदा लागतं. चिठ्ठीत लिहिलेलं पाळा, दुकानदाराचं नको.

न उघडलेली लॅटानोप्रोस्टची बाटली बहुतेक कंपन्यांची २ ते ८ अंशांत ठेवायची असते. मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून ती घरी आणणं म्हणजे पैसे पाण्यात. बर्फाची पिशवी बरोबर घेऊन जा. बाटली उघडल्यावर किती दिवस चालते ते खोक्यावर असतं. उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा.

थेंब घालण्याची रीत :

१. हात धुवा. ब्रिन्झोलामाइड असेल तर बाटली हलवा, त्यात कण खाली बसलेले असतात.

२. कुत्र्याच्या मागून या. समोरून हात आला की तो मान झटकतो.

३. हनुवटी किंचित वर, वरची पापणी अंगठ्याने भुवईच्या हाडाकडे ओढा. डोळ्यावर दाब नको.

४. एकच थेंब. डोळ्यात दुसऱ्याला जागा नसते, तो गालावरून ओघळतो आणि चाटला जातो.

५. दुसरं औषध पाच मिनिटांनी. घाईत दोन्ही घातले तर पहिलं वाहून जातं.

६. लगेच आवडीचा खाऊ. डोर्झोलामाइड झोंबतं. पहिले काही दिवस खाऊ चुकवलात तर पुढे थेंबाची बाटली दिसताच कुत्रा पलंगाखाली जाईल.

घरात गर्भवती बाई असेल तर लॅटानोप्रोस्ट तिने हाताळू नये, दुसऱ्या कुणी घालावं.

सावधान : पुन्हा तपासायला जायच्या दिवशी "आकडा खरा यावा" म्हणून थेंब चुकवू नका. औषध चालू असताना दाब किती राहतो, हेच तर पाहायचं असतं. सकाळचे थेंब किती वाजता घातले ते डॉक्टरांना सांगा, म्हणजे झालं.

टप्पा ५ : नजर तपासणं

दाब २०च्या आसपास किंवा खाली स्थिर झाला, की मगच ही तपासणी. त्याआधी केली तर निकाल फसवतो. कॉर्नियावरचं धुकं निवळलेलं नसेल तेव्हाही थांबा. धुक्यातून न दिसणं आणि दृष्टिपटलाने काम न करणं यांत बाहेरून फरक कळत नाही.

रामबागेतल्या एका काकूंनी मला ठासून सांगितलं होतं, "अहो, जिन्यावरून बरोबर उतरतो की तो! दिसतंय त्याला." आठ वर्षं ज्या जिन्यावरून कुत्रा खेळला, तो त्याला पायांनी पाठ असतो. त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पायपुसणं आडवं टाकल्यावर तो अडखळला. शिवाय त्याचा दुसरा डोळा चांगला होता. घरात नेहमी याच दोन गफलती होतात: ओळखीची जागा आणि दोन्ही डोळे उघडे.

*प्रतिक्षिप्त क्रिया.* अंधुक खोलीत मोबाइलचा टॉर्च क्षणभर दुखऱ्या डोळ्यावर टाका. कुत्रा डोळा मिचकावतो का? झगमगाटाने होणारी ही क्रिया नजर फार कमी असली तरी टिकते. दाब उतरल्यावर आणि कॉर्निया स्वच्छ झाल्यावरही ती सतत गैरहजर राहिली तर लक्षण वाईट. मग दुखऱ्या डोळ्यावर उजेड टाकून चांगल्या डोळ्याची बाहुली पाहा. ती आकसली तर दुखऱ्या दृष्टिपटलाकडून निरोप पुढे जातोय. दुखऱ्या डोळ्याची स्वतःची बाहुली पाहून काही ठरवू नका. लॅटानोप्रोस्टने ती टाचणीच्या डोक्याएवढी होते, आणि औषध नसेल तर जास्त दाबाने तिचा स्नायू लुळा पडलेला असू शकतो. बाहुली हलली म्हणून कुत्र्याला दिसतं, असंही नाही. त्यासाठी पुढच्या चाचण्या.

*हात आणण्याची चाचणी.* आधी पापणीच्या कोपऱ्याला हलकेच बोट लावा, डोळा मिटतो का पाहा. नाहीच मिटला तर ही चाचणी निरुपयोगी. नंतर चांगला डोळा तळव्याने, न दाबता, झाका. दुखऱ्या डोळ्यासमोर कागदपत्रांच्या फाइलचं पारदर्शक प्लास्टिक धरा आणि त्यापलीकडून हात डोळ्याकडे न्या. प्लास्टिक नसेल तर हाताने ढकललेली हवा कॉर्नियाला लागते आणि आंधळा डोळाही मिटतो. घरी केलेल्या "दिसतंय, दिसतंय" च्या बहुतेक व्हिडिओंमध्ये हेच झालेलं असतं. तीन महिन्यांखालच्या पिल्लात ही प्रतिक्रिया अजून शिकलेलीच नसते, त्याला ही चाचणी लावू नका.

*कापसाचा बोळा.* चांगला डोळा झाकलेला असताना मागून, डोक्यावरून, कापसाचा बोळा सोडा. आवाज नाही, वास नाही, हवा नाही. मान त्याच्या मागे फिरली तर डोळा काहीतरी टिपतोय. दोन-तीनदाच करा. पुढे कुत्र्याला कंटाळा येतो आणि दिसत असूनही तो बघत नाही.

*अडथळ्यांची वाट.* खरी परीक्षा ही. चांगल्या डोळ्यावर गॉझची जाड घडी ठेवून वरून सैल पट्टी गुंडाळा. ही सवय आधी दोन दिवस खाऊ देऊन लावा, नाहीतर कुत्रा पट्टी ओरबाडण्यातच गुंततो. अनोळखी जागा निवडा: शेजाऱ्यांचा हॉल, गच्ची, सोसायटीची पार्किंग. उशा, बादल्या, पुठ्ठ्याचे खोके वाटेत ठेवा, टोकदार काही नको. पलीकडे बसलेल्या माणसाने एकदाच हाक मारून गप्प बसावं. हाका मारत राहिलात तर कुत्रा कानाने येतो. एकदा लख्ख उजेडात, एकदा मंद दिव्यात. दर खेपेला खोक्यांच्या जागा बदला. धडका मोजा आणि व्हिडिओ ठेवा.

दाब स्थिर झाल्याच्या दिवशी पहिली नोंद, मग तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी. रोज करू नका, कुत्रा वाट शिकतो आणि तुम्ही सुधारणा झाली असं समजता. उजेडाची पातळी आणि दिवसाची वेळ तीच ठेवा. नजर काही तासांत येऊ शकते, काही दिवस लागू शकतात, कधी एक-दोन आठवडेही. सुधारणा होत गेलेली आणि मग एकदम धडका वाढल्या, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आधी दाब मोजून घ्या.

तपासा : चारही नोंदींसमोर त्या दिवशीचा किंवा जवळच्या दिवसाचा दाब लिहिला आहे का? दाबाशिवाय नजरेची नोंद म्हणजे अर्धीच माहिती.

टप्पा ६ : यंत्राची साक्ष

दृष्टिपटलाचा विद्युत-आलेख, म्हणजे ईआरजी, सगळीकडे होत नाही. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरपासून सुमारे २५ किलोमीटर. तिथे किंवा कुठल्याही मोठ्या केंद्रात निघण्याआधी फोन करून यंत्र चालू आहे का, वेळ मिळेल का, भूल द्यावी लागेल का, हे विचारा.

इथे एक गैरसमज हमखास होतो. साध्या प्रकाशझोताच्या आलेखात पहिली लाट प्रकाश टिपणाऱ्या पेशींची आणि दुसरी मुख्यतः मधल्या थराची. काचबिंदूत आधी मार खाणाऱ्या गँग्लिअन पेशी यात फारशा उमटतच नाहीत. म्हणून आलेख चांगला असूनही कुत्रा आंधळा असू शकतो. गँग्लिअन पेशींसाठी चौकटींची नक्षी दाखवून काढलेला आलेख किंवा अगदी मंद प्रकाशातला प्रतिसाद पाहावा लागतो, आणि तो बहुधा संशोधनापुरताच होतो. उलट साधा आलेखही सपाट आला, दाब उतरून दोन आठवडे झाले असतील, तर नजरेसाठी आणखी औषधं वाढवण्यात अर्थ नाही असं माझं मत. त्यापेक्षा डोळ्याच्या आतला भाग पाहून दृष्टिचेतेची चकती खोलगट, फिकी झाली आहे का, ते डॉक्टरांना विचारा. त्याला फार खर्च येत नाही.

टप्पा ७ : पुढचा निर्णय

नजर आली असेल तर थेंब आयुष्यभर, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. औषधाचा असर कालांतराने कमी होतो, तेव्हा शस्त्रक्रिया किंवा लेझरचा पर्याय वेळेवर विचारा.

नजर आली नाही आणि डोळा सुजून मोठा झाला असेल, तर आता वेदनेचा विचार करायचा. कुत्रा रडत नाही म्हणजे दुखत नाही असं नव्हे. तो जास्त झोपतो, खेळायचं सोडतो, घरचे म्हणतात "वय झालं". असा डोळा काढल्यावर आठवड्याभरात तोच कुत्रा पुन्हा चेंडूमागे धावताना दिसतो. आंधळा, दुखणारा डोळा दिसायला बरा म्हणून ठेवू नका.

काचबिंदू जातीतून आलेला असेल तर दुसऱ्या डोळ्याचं काम आजच सुरू करा. अशा कुत्र्यांच्या चांगल्या डोळ्यांवर झालेल्या अभ्यासात, काहीच न दिल्यास दुसऱ्या डोळ्यात काचबिंदू यायला लागलेला मध्यक काळ ८ महिने होता, प्रतिबंधक थेंब चालू ठेवल्यास सुमारे ३१ महिने. चांगल्या दिसणाऱ्या डोळ्यात रोज औषध घालायचं घरच्यांना पटत नाही, म्हणून हे आकडे त्यांना दाखवा. दर तीन-चार महिन्यांनी त्या डोळ्याचा दाब मोजून घ्या. आठवड्यातून एकदा टॉर्चच्या उजेडात लाली आणि बाहुली पाहा, आणि बाटली निम्मी झाली की दुसरी आणून फ्रिजमध्ये ठेवा. दिवाळीच्या सुट्ट्यांत घाऊक दुकानं बंद असतात आणि बाटली नेमकी तेव्हाच संपते.